उंच डोंगरावरील वनस्पती वर सरकत आहेत का, हे कसे तपासावे

हवामान उबदार होत जाते तसे थंड प्रदेशातील वनस्पतींचे पट्टे हलू लागतात. सपाट प्रदेशात ते ध्रुवाच्या दिशेने सरकतात आणि डोंगरावर माथ्याच्या दिशेने. उंचीबरोबर तापमान दर १०० मीटरला साधारणपणे अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते. त्यामुळे सरासरी तापमान १ अंश सेल्सियसने वाढले, तर पूर्वीइतकाच गारवा मिळण्यासाठी एखाद्या जातीला १५० ते २०० मीटर वर जावे लागेल. सपाटीवर तेवढ्याच फरकासाठी शंभर-दीडशे किलोमीटर अंतर कापावे लागते. पायी फिरणाऱ्या माणसाला हा बदल स्वतः मोजता येईल अशी जागा म्हणूनच डोंगर हीच आहे.

झाड जिथे रुजते तिथेच त्याचे आयुष्य संपते. सरकतो तो त्याच्या जातीचा पट्टा. पट्ट्याच्या वरच्या कडेला वाऱ्याने आलेले बी रुजून रोपे हिवाळा काढू लागतात. खालच्या कडेला जुनी झाडे उभी असतात, पण त्यांच्या सावलीत नवे रोप दिसेनासे होते. या दोन्ही घटना संथ आहेत, त्या एका भेटीत दिसत नाहीत, आणि पहिल्याच भेटीत ‘झाडे वर चढली’ असे लिहिणाऱ्या माणसाने काहीही मोजलेले नसते. पहिल्या भेटीत करायचे काम वेगळे आहे : दहा वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसाला तोच दगड, तीच चौकट आणि तेच रोप सापडेल अशी नोंद करून ठेवणे. पुढील सगळी रीत त्यासाठीच आहे.

महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक गिर्यारोहण संस्था आणि महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग हिमालयात जातात, आणि बऱ्याचदा त्याच त्या वाटांनी जातात. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या गटाला हे काम सहज जमण्यासारखे आहे. सह्याद्रीत मात्र ही रीत जशीच्या तशी लावू नये. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि थंडीमुळे झाडे थांबतील अशी वृक्षरेषा सह्याद्रीत कुठेच नाही. कासच्या सड्यावर झाडे नाहीत ती मातीचा थर नसल्यामुळे, गारठ्यामुळे नव्हे.

आधी जुनी नोंद शोधावी

ज्या डोंगरावर जायचे त्याची जुनी नोंद उपलब्ध असेल, तर एका भेटीतही काही सांगता येते. स्वित्झर्लंडमधील ३४१० मीटर उंचीच्या पिझ लिनार्ड शिखरावर ओस्वाल्ड हेअर हे वनस्पतिशास्त्रज्ञ १८३५ साली चढले, तेव्हा त्यांना माथ्यावर फुलझाडाची एकच जात आढळली : ॲन्ड्रोसेस अल्पिना. २०११ साली त्याच माथ्यावर १६ जाती मिळाल्या. अशा जुन्या याद्या असलेल्या युरोपातील ३०२ शिखरांचा एकत्रित अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात २००७ ते २०१६ या दशकात शिखरांवर नव्या जाती दाखल होण्याचा वेग १९५७ ते १९६६ या दशकाच्या पाचपट असल्याचे दिसले.

आपल्याकडे अशी सर्वांत मोलाची नोंद सिक्कीमची आहे. जोसेफ डाल्टन हूकर यांनी १८४८ ते १८५० या काळात तिथे फिरून वनस्पती गोळा केल्या आणि त्यांची उंचीही लिहून ठेवली. लाचेन व लाचुंग या खोऱ्यांत सुमारे दीडशे वर्षांनंतर झालेल्या फेरसर्वेक्षणात १२४ प्रदेशनिष्ठ, म्हणजे इतरत्र न आढळणाऱ्या, जाती तपासल्या गेल्या, आणि त्यांच्या वरच्या सीमा दर दशकाला सरासरी सुमारे २७.५ मीटर वर गेल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. गढवाल-कुमाऊंमध्ये काम करायचे असेल, तर स्ट्रेची आणि विंटरबॉटम यांनी १८४६ ते १८४९ या काळात केलेला संग्रह उपयोगी पडतो. वनस्पतींचे जुने वाळवलेले नमुने डेहराडून व हावडा येथील वनस्पतिसंग्रहांत पाहता येतात. त्यांपैकी पुष्कळ नमुन्यांची छायाचित्रे आता संगणकावरही मिळतात. नमुन्यावरची चिठ्ठी कशी वाचायची हे शिकायला पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र महाराष्ट्रातल्या मंडळींना जवळचे आहे.

जुन्या चिठ्ठीवर डोळे झाकून विश्वास टाकू नये, हे शिकवणारे उदाहरण दक्षिण अमेरिकेतले आहे. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८०२ साली इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वत चढून तिथल्या वनस्पतींचा उंचीनुसार नकाशा तयार केला. २०१२ साली संशोधकांनी तिथे पुन्हा मोजणी केली आणि वनस्पती ५०० मीटरहून अधिक वर गेल्याचे २०१५ साली जाहीर केले. पुढे २०१९ साली दुसऱ्या गटाने हुम्बोल्ट यांच्या मूळ नोंदी तपासल्या. त्या प्रसिद्ध नकाशातील वृक्षरेषेवरच्या बऱ्याच वनस्पती चिंबोराझोवर नव्हे, तर अँटिसाना या दुसऱ्याच पर्वतावर गोळा केलेल्या असल्याचे तेव्हा निघाले. हिशेब नव्याने मांडल्यावर सरकण्याचे अंतर २१५ ते २६६ मीटर भरले. बदल झाला होताच, पण आधी सांगितला त्याच्या निम्म्याने. म्हणून जुन्या नमुन्यावर जागेचे नाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि उंची या चार गोष्टी आहेत का, हे पाहावे आणि त्या त्याच्या प्रवासवर्णनाशी ताडून घ्याव्यात. उंची बहुतेक ठिकाणी फुटांत असते आणि पुष्कळदा पाचशे किंवा हजार फुटांच्या पटीत ठोकळ केलेली असते. १३,००० फूट म्हणजे ३९६२ मीटर हे गणित सोपे आहे, पण मुळातला आकडाच हजार फुटांनी गोळाबेरीज केलेला असेल, तर त्यात १५० मीटरची चूक आधीच बसलेली असते. अशा आकड्यावर १०० मीटरच्या सरकण्याचा निष्कर्ष उभा करता येत नाही.

जागा निवडताना

नवखे लोक सर्वांत देखणा उतार निवडतात, आणि पुढची सगळी मेहनत तिथेच वाया जाऊ शकते. उतार असा हवा की त्यावर तापमानाखेरीज दुसरे काही फारसे बदलत नाही. हिमालयात ही अट पाळणे फार अवघड आहे, कारण वृक्षरेषेजवळची बुग्याले, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणे, ही शतकानुशतके मेंढपाळांची उन्हाळी चराई राहिली आहेत. शेळ्या-मेंढ्या रोपांचे शेंडे खातात, सरपणासाठी वरची झाडे तुटतात, आणि त्यामुळे कित्येक ठिकाणी वृक्षरेषा तापमानाने ठरवलेल्या जागेपेक्षा खाली दाबली गेली आहे. अशा ठिकाणी चराई कमी झाली की झाडे आपोआप वर येतात. हवा अजिबात तापली नसती तरी ती आलीच असती.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हे याचे परिचित उदाहरण आहे. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि तिथली चराई थांबली. नंतरच्या वर्षांत पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम ही उंच वाढणारी वनस्पती दरीत मोठ्या प्रमाणावर पसरली, इतकी की वनखात्याला ती उपटून काढण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. हा फैलाव चराई थांबल्यामुळे झाला, हिमस्खलनांनी उघड्या पडलेल्या जमिनीमुळे झाला की आणखी कशामुळे, यावर अभ्यासकांत वाद आहे. ज्या उताराचा चराईचा इतिहास माहीत नाही, तिथे ‘तापमानवाढीमुळे’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार आपल्याला नसतो. तो इतिहास गावातल्या वयस्कर मेंढपाळांना विचारून पहिल्याच वर्षी लिहून घ्यावा : किती कळप यायचे, कोणत्या महिन्यात, आणि केव्हापासून येईनासे झाले.

गढवालमधील चोपता ते तुंगनाथ ही वाट सरावासाठी चांगली आहे, कारण वनातून बुग्यालापर्यंतचा बदल तिथे एका दिवसाच्या चालीत दिसतो. वृक्षरेषा सुमारे ३३०० मीटरवर आहे. खर्सू हा ओक, फर हा सूचिपर्णी वृक्ष आणि त्यांच्या वरच्या कडेला सिमरू, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन कॅम्पॅन्युलेटम या झुडपाचे वाकडेतिकडे जाळे आढळते. गढवाल विद्यापीठाचे उच्चपर्वतीय संशोधन केंद्रही तुंगनाथला आहे, त्यामुळे तिथल्या वनस्पतींवर बरेच लिहिलेले सापडते. मात्र यात्रेकरूंच्या वाटेपासून पुरेसे लांब गेले पाहिजे.

परवानगीचा विषय टाळण्यासारखा नाही. संरक्षित क्षेत्रात खुंट ठोकणे, नमुना तोडणे, झाडाच्या खोडाला छिद्र पाडणे यांपैकी काहीही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय करू नये. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली आणि एका वेळी येणाऱ्या पर्यटकांची संख्या २०० पर्यंत मर्यादित केली. त्यामुळे मुक्काम खाली जंगलात किंवा गावात ठेवून दिवसभराचे काम आखावे लागते.

उंचीचा आकडा

सिक्कीममधला सरकण्याचा सरासरी वेग दशकाला २७.५ मीटर होता, हे वर आलेच आहे. आता आपल्या हातातील साधन किती अचूक आहे ते पाहू. मोबाइलमधील किंवा हातातील जीपीएस यंत्राची उभी चूक आडव्या चुकीपेक्षा जास्त असते आणि खोल दरीत, जिथे आकाशाचा तुकडाच दिसतो, ती आणखी वाढते. मनगटावरच्या घड्याळातील उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. समुद्रसपाटीजवळ दाबात १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे ८ मीटर उंची, पण ४००० मीटरवर हवा विरळ असल्याने तोच फरक सुमारे १३ मीटर दाखवतो. सकाळी निरभ्र असलेले आकाश दुपारी भरून येऊन दाब ३ हेक्टोपास्कलने उतरला, तर घड्याळ जागच्या जागी जवळपास ४० मीटर चढल्याचे सांगते. म्हणजे यंत्राची एका दुपारची चूक वनस्पतींच्या दहा वर्षांच्या प्रवासाहून मोठी ठरते.

यावर उपाय साधा आहे. उंची समुद्रसपाटीपासून न मोजता जागेवरच्या एका पक्क्या खुणेपासून मोजावी. हलणार नाही असा मोठा खडक, मंदिराचा चौथरा किंवा सर्वेक्षणाचा दगड हा आधारबिंदू ठरवून त्याचे चारही बाजूंनी फोटो घ्यावेत, आणि तिथून टेप व उतारमापकाने वरच्या प्रत्येक ठिकाणाचे अंतर घ्यावे. टेपने उतारावरून ५० मीटर अंतर आले आणि उताराचा कोन ३० अंश असला, तर उभी उंची २५ मीटर होते. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याची अचूकता मीटर-दोन मीटरच्या आत राहते. घड्याळ वापरलेच, तर दर दोन तासांनी आधारबिंदूवर परत येऊन त्याचा काटा जुळवून घ्यावा. यात्रामार्गावरच्या पाट्यांवर रंगवलेली उंची कधीही वापरू नये. तुंगनाथ आणि चंद्रशिला यांच्या उंचीचे आकडे छापील पुस्तकांतही एकसारखे सापडत नाहीत.

चौकट मांडणे

उंच पर्वतांवर आज जगभर जी पद्धत वापरली जाते ती ग्लोरिया या नावाने ओळखली जाते. ती व्हिएन्नात आकाराला आली आणि २००१ साली युरोपातील शिखरांवर पहिली मोजणी झाली. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने भारतीय हिमालयातही हीच पद्धत उपयोगात आणली आहे. एका प्रदेशातील चार शिखरे वृक्षरेषेपासून वर चढत्या उंचीने निवडतात. प्रत्येक शिखराच्या सर्वोच्च बिंदूपासून उभ्या उंचीने ५ मीटर खाली, पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा चारही बाजूंना ३ मीटर लांब व ३ मीटर रुंद अशी जाळी पसरतात, आणि तिच्या चार कोपऱ्यांतील १ चौरस मीटरचे चौकोन बारकाईने वाचतात. असे एका शिखरावर १६ चौकोन होतात. शिवाय माथ्यापासून ५ मीटर आणि १० मीटर खालपर्यंतच्या भागातील सर्व जातींची यादी केली जाते. माथा गोलसर हवा. कडेकपारीच्या टोकदार शिखरावर ही जाळी बसत नाही.

चौकोन वाचणे म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीत दोऱ्या ओवून १० सेंटिमीटरचे शंभर घर पाडलेले असतात. चौकट जमिनीवर ठेवून गुडघे टेकून बसावे, पण चौकटीच्या आत हातही टेकू नये. एक जण वाचतो, दुसरा लिहितो. कोणत्या घरात कोणती जात आहे एवढेच सांगायचे; किती टक्के जागा व्यापली आहे हा अंदाज माणसागणिक बदलतो, पण घरात वनस्पती आहे की नाही यावर दोन माणसांचे सहसा एकमत होते. शंभरपैकी चाळीस घरांत गवत, बारा घरांत पोटेन्टिला, तीन घरांत जेन्शियन असा आकडा तयार होतो. पाच-दहा वर्षांनी हे आकडे चाळीसचे पंचवीस आणि तीनचे एक झाले, तर जात नाहीशी होण्याच्या आधीची तिची घसरण आपल्या हाती लागते. उघडा दगड, सुटी खडी, मृत पालापाचोळा आणि जनावरांची लीद यांचीही घरे मोजावीत. उभे राहून चौकट वाचू नये : एखाद्या सेंटिमीटरची ड्राबा किंवा सॅक्सिफ्रागा उभ्याने दिसतच नाही. फोटो घेताना कॅमेरा सरळ वरून धरावा, आणि फोटोत चौकटीचा क्रमांक व तारीख लिहिलेली पाटी असावी. लांबून घेतलेल्या फोटोत क्षितिजावरचे एखादे ओळखीचे शिखर येईल अशी काळजी घ्यावी, म्हणजे कोपऱ्यावर ठोकलेला खुंट हरवला तरी त्या फोटोवरून कोपरा पुन्हा सापडतो.

चार शिखरे शक्य नसतील तर एकच शिखर करावे, पण नीट करावे.

वृक्षरेषेवरील काम

वृक्षरेषेसाठी चौकटीपेक्षा पट्टा उपयोगी पडतो. घनदाट जंगलाच्या वरच्या कडेपासून शेवटच्या रोपाच्याही पलीकडे जाईल असा २० मीटर रुंदीचा, उताराला सरळ धरून जाणारा पट्टा सुतळीने आखावा आणि त्यातील प्रत्येक झाडाची जागा, उंची आणि खोडाचा घेर लिहावा. कोणत्या उंचीच्या झाडाला ‘वृक्ष’ म्हणायचे हे आधी ठरवावे. काही अभ्यासक २ मीटर धरतात, काही ३ मीटर. दोन्ही चालतात, पण मधेच बदल केला तर वृक्षरेषा कागदावरच सरकते. अर्ध्या मीटरपेक्षा लहान रोपे, त्याहून मोठी रोपटी आणि वृक्ष असे तीन गट पुरेसे आहेत.

फरच्या कोवळ्या रोपांचे वय खोडावर दरवर्षी फुटणाऱ्या फांद्यांचे मजले मोजून बऱ्यापैकी कळते. भूर्जपत्र, म्हणजे बेटुला युटिलिस आणि सिमरू यांना असे स्पष्ट मजले नसतात. तिथे वयाचा अंदाज न करता फक्त उंची लिहावी. वृक्षरेषेच्या वर रोपे भरपूर आहेत, पण सगळी गुडघ्याएवढीच आहेत, असे चित्र पुष्कळदा दिसते. त्याचा अर्थ झाडे वर आली असा होत नाही. रोप बर्फाच्या पांघरुणाखाली हिवाळा काढते. डोके बर्फाच्या वर निघाल्यावर वारा आणि कोरडी थंडी ज्या वर्षांत ते सोसते, तिथून त्याचा झाड होण्याचा प्रवास सुरू होतो. मेलेले बुंधे आणि तोडलेले खुंट यांची वेगवेगळी नोंद करावी. कुऱ्हाडीचा सपाट घाव आणि आपोआप वठलेले खोड यांतील फरक अनेक वर्षे ओळखू येतो.

जगातील १६६ ठिकाणच्या नोंदी एकत्र पाहिल्या, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वृक्षरेषा वर गेल्याचे सुमारे निम्म्याच ठिकाणी आढळले. ती खाली आल्याची ठिकाणे अगदी एक टक्का होती, आणि उरलेल्या ठिकाणी ती जागीच होती. त्यामुळे आपल्या उतारावर काहीच हललेले नाही असे निघाले, तर ती मोजणी फसलेली नसते. ती तितक्याच काळजीने लिहून ठेवावी. तिबेटच्या पठारावरील अभ्यासात असेही दिसले आहे की वृक्षरेषेच्या वर झुडपांची दाटी असेल तर झाडांची रोपे तिच्यात रुजू शकत नाहीत आणि तापमान वाढूनही रेषा अडून राहते. सिमरूच्या जाळ्यातून वाट काढलेल्या कोणालाही हे पटेल.

तापमान आणि बर्फ

जवळच्या शहरातील हवामानकेंद्राचे आकडे इथे फारसे कामाचे नाहीत. चार बोटे उंचीची वनस्पती जमिनीलगतच्या हवेत जगते, आणि तिथले तापमान डोक्याच्या उंचीवरच्या हवेपेक्षा पुष्कळ वेगळे असते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या खडकाचा आडोसा आणि त्याच्याच मागची उत्तरेकडची सावली यांच्यात कधी कधी शेकडो मीटर उंचीइतका फरक पडतो. म्हणून बटणाएवढे स्वयंचलित तापमान-नोंदक मिळतात, ते जाळीच्या मधल्या चौकोनात जमिनीत १० सेंटिमीटर खोल पुरावेत आणि तासाला एक नोंद लावावी. जमिनीतील नोंदकाचा आणखी एक फायदा आहे. दिवस-रात्रीची चढउतार थांबून आकडा शून्याच्या आसपास सपाट झाला की वर बर्फ साचले, आणि पुन्हा चढउतार सुरू झाली की ते वितळले, हे माणूस तिथे नसतानाही कळते. वाढीचा हंगाम किती दिवसांचा होता हे त्यावरून मोजता येते, आणि पुष्कळ जातींच्या दृष्टीने एखाद्या अंशापेक्षा हे दिवसच निर्णायक असतात. झाडांच्या बाबतीत जगभरचा अनुभव असा की वाढीच्या हंगामाचे सरासरी तापमान ६ ते ६.५ अंशांच्या खाली गेले की वृक्ष थांबतो.

कोणत्या महिन्यात जावे

महाराष्ट्रातील बहुतेक गट मे महिन्याच्या सुटीत जातात. तेव्हा वृक्षरेषेवर बर्फ नुकतेच सरलेले असते, बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचे झाड, फुललेले असते, पण बुग्यालातील गवते आणि बारीक वनस्पती ओळखू येण्याच्या अवस्थेत नसतात. चौकटीच्या कामासाठी जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट हाच काळ योग्य आहे, जरी तेव्हा पावसाने आणि दरडींनी रस्ते बंद होत असले तरी. वृक्षरेषेवरचा पट्टा मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरच्या स्वच्छ हवेत उत्तम मोजता येतो. पहिली मोजणी ऑगस्टमध्ये आणि दुसरी मे महिन्यात केली, तर निम्म्या जाती ‘नाहीशा’ झालेल्या दिसतील.

नोंदीत शास्त्रीय नावच लिहावे. स्थानिक नाव सोबत असावे, पण केवळ त्यावर विसंबू नये. महाराष्ट्रात कुंडीत रात्री फुलणाऱ्या ज्या निवडुंगाला ब्रह्मकमळ म्हणतात, त्याचा हिमालयातील सॉसुरिया ओब्वॅलाटा या ब्रह्मकमळाशी काही संबंध नाही. शंका असेल तर ‘पोटेन्टिला, जात अनिश्चित’ असे लिहिणे चुकीच्या नावापेक्षा केव्हाही बरे. कुटकी, अतिविष आणि जटामांसी या वनस्पती सीमा ठरवण्यासाठी शक्यतो निवडू नयेत. काष्ठौषधींच्या बाजारासाठी त्यांची मुळे खणली जातात, त्यामुळे खालच्या कडेवरून त्या नाहीशा झाल्या तर कारण कुदळ आहे की तापमान, हे सांगता येत नाही. त्यांची नेमकी जागा जाहीरही करू नये.

अर्थ लावताना

तापमान वाढले म्हणजे सगळे वर गेले, हे समीकरण पाण्यापाशी अडते. कॅलिफोर्नियातील डोंगरांवर १९३० च्या दशकातील नोंदींशी तुलना केली, तेव्हा अभ्यासलेल्या वनस्पती सरासरी ८० मीटर खाली आलेल्या आढळल्या, कारण त्या काळात तिथे पाण्याची उपलब्धता वाढली होती. युरोपातील शिखरांवर २००१ ते २००८ या काळात उत्तरेकडे जातींची संख्या वाढली, पण भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या शिखरांवर ती वाढली नाही, काही ठिकाणी घटली. नेपाळमध्ये वृक्षरेषेवरील भूर्जपत्राच्या खोडातील वर्षवलये पाहिली, तेव्हा मोसमी पावसाआधीचे महिने कोरडे गेले की वाढ खुंटते असे दिसले. हिमालयात काम करताना म्हणून मार्च ते मे या महिन्यांतील पाऊस आणि बर्फ यांचा हिशेब तापमानाच्या जोडीने मांडावाच लागतो.

दुसरी अडचण विलंबाची आहे. उंचावरच्या पुष्कळ वनस्पती दीर्घायुषी असतात आणि मुळांतून पसरतात. आल्प्समधील केरेक्स कर्व्ह्युला या तृणवर्गीय वनस्पतीचे काही झुबके दोन हजार वर्षांचे असल्याचे अनुमान आहे. अशी वनस्पती प्रतिकूल हवेतही नवे बी न रुजवता कित्येक दशके जागा धरून राहते. त्यामुळे खालची कडा वरच्या कडेपेक्षा नेहमी मागे रेंगाळते, आणि शिखरावर जातींची संख्या वाढलेली दिसते तेव्हा नव्या पाहुण्यांबरोबर, जायच्या बेतात असलेले जुने रहिवासीही मोजले जात असतात. संख्या वाढली हे शुभवर्तमान म्हणून लिहू नये. खालच्या उंचीवरच्या, उबेला सरावलेल्या जाती वाढल्या की माथ्यावरच्या, हे वेगवेगळे मांडावे.

दुसरी फेरी

पाच वर्षांच्या आत परत मोजणी करण्यात अर्थ नाही. सात ते दहा वर्षांचे अंतर चांगले. मूळ नोंदवहीची एक प्रत महाविद्यालयात, एक वनखात्याकडे आणि एक स्थानिक संशोधन केंद्राकडे द्यावी, कारण दहा वर्षांत गट मोडतात आणि मोबाइल बदलतात. फोटो कागदावरही छापून ठेवावेत.

फेरीला जाणाऱ्यांपुढे एक जुना पेच असतो : जुनी यादी हातात घेऊन जावे की नाही. प्रशिक्षित माणसाच्याही नजरेतून दर दहा जातींमागे एखाद-दुसरी सुटते. यादी हातात असली की माणूस त्या जाती चिकाटीने शोधतो आणि सापडवतो, त्यामुळे नाहीशा झालेल्या जाती कमी दिसतात आणि नव्या जास्त. यादी नसली तर केवळ नजरचुकीने सुटलेली जातही नाहीशी झाली असे वाटते. दोन टप्प्यांत काम केल्यास हा पेच सुटतो. आधी पहिल्या वेळी लावला होता तेवढाच वेळ लावून, यादी न पाहता चौकोन वाचावा आणि शाईने लिहावा. मग यादी उघडून राहिलेल्या जाती पुन्हा शोधाव्यात, आणि त्या सापडल्यास पेन्सिलीने वेगळ्या रकान्यात लिहाव्यात. पेन्सिलीच्या रकान्यात किती नावे आली, यावरून आपल्या गटाची नजरचूक किती आहे ते कळते, आणि पहिल्या वेळच्या मंडळींचीही तेवढीच असणार असे धरून मगच नव्या-जुन्या जातींची वजाबाकी करावी.